ऑफिसात बुके आला कुठून? धंद्यातल्या फुलांची पार्श्वभूमी

क्लायंटला बुके पाठवणं आता इतकं रुटीन झालंय की ऑर्डर देणाऱ्याला बऱ्याचदा कोणती फुलं गेली हेही माहीत नसतं. पण याचा इतिहास बघितला तर भावनाबिवना फार कमी सापडतात, तार (टेलिग्राम), टॅक्स आणि फुलवाल्यांची जाहिरातबाजी या तिघांनी मिळून फुलं ऑफिसात आणली असं माझं तरी मत आहे.

युरोपात १८१९ नंतर फुलांच्या 'भाषे'ची पुस्तकं धडाधड खपायला लागली, म्हणजे अमुक फूल दिलं की तमुक अर्थ वगैरे, पण ते सगळं घरगुती, प्रेमाबिमाचं. व्यापाऱ्याला त्याचा उपयोग शून्य, कारण फूल तोडलं की घड्याळ सुरू, आणि ज्याच्याशी व्यवहार करायचा तो बसलाय दुसऱ्या शहरात.

हा गुंता सुटला १९०८ मध्ये बर्लिनला. मॅक्स ह्युबनर नावाच्या फुलवाल्याने विक्रेत्यांची संघटना काढली, इथल्या दुकानात पैसे भरायचे, निरोप तिकडच्या दुकानात जाणार आणि तो फुलवाला ताजी फुलं घेऊन दारात हजर. फूल जागचं हलतच नाही, फिरते फक्त ऑर्डर! दोनच वर्षांनी, १९१० मध्ये, अमेरिकेतल्या फुलवाल्यांनी तारेवर चालणारं असंच नेटवर्क उभं केलं, तेच पुढे एफटीडी म्हणून प्रसिद्ध झालं. १९१४ मध्ये त्यांनी चिन्ह निवडलं ते मर्क्युरीचं, पायात पंख असलेला रोमन देव, निरोप्यांचा आणि व्यापाराचाही, म्हणजे प्रेमाचा देव हाताशी असताना यांनी व्यापाराचा घेतला, यातच सगळं आलं. आता दूरच्या गावात कुणाचं दुकान उघडतंय, कुणाला बढती मिळाली, की त्याच दिवशी आपल्या नावाचं कार्ड खोचलेली फुलं तिथे पोचवता यायला लागली.

दुसरा टप्पा ऑफिसच्या आतला. १९५२ मध्ये अमेरिकेत सेक्रेटरींसाठी खास आठवडा सुरू झाला, त्यामागे त्यांची संघटना होती आणि हॅरी क्लेमफस हा जाहिरात-प्रसिद्धीतला माणूस. या कामाला मान मिळावा आणि जास्त बायकांनी या नोकरीत यावं असा हेतू होता, पण झालं काय, तर साहेबाने टेबलावर फुलं ठेवायची आणि मोकळं व्हायचं. १९७० च्या दशकात नोकरदार बायकांच्या चळवळीने याच्यावरच बोट ठेवलं, गुलाब नकोत, पगार वाढवा. रास्तच होतं ते.

आता टॅक्स. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत क्लायंटला महागड्या भेटी देऊन त्या धंद्याचा खर्च म्हणून दाखवणं जोरात होतं, केनेडी सरकारने त्याला लगाम घालायचं ठरवलं आणि १९६२ च्या कायद्याने एका माणसामागे वर्षाला २५ डॉलरपर्यंतच्या भेटीलाच वजावट उरली. (गंमत म्हणजे हा आकडा तेव्हापासून तसाच आहे.) मग १९७७ मध्ये परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्याविरुद्धचा अमेरिकन कायदा आला, २०१० मध्ये ब्रिटनचा, आणि कंपन्यांनी भेटवस्तूंचे नियम लिहून काढले, काय घ्यायचं, किती किमतीपर्यंत, कुणाला कळवायचं. फुलांना कायद्यात वेगळी सूट वगैरे काही नाही, पण घड्याळ किंवा पेन घरी नेता येतं, बुके चार दिवसांत कोमेजतो, पुन्हा विकता येत नाही, आणि तोही रिसेप्शनवर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. त्यामुळे घेणाऱ्याला अवघडल्यासारखं होत नाही. माझ्या मते फुलं टिकून राहिली ती या नाशवंतपणामुळेच.

फुलांचा पुरवठाही याच काळात पालटला. आधी हिवाळ्यात फुलं म्हणजे शहराजवळच्या ग्रीनहाऊसमधली, आणि महाग. १९६० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातून अमेरिकेला विमानाने फुलं जायला लागली, पुढे केनियातल्या नैवाशा तलावाकाठचे गुलाब युरोपच्या बाजारात आले, आणि बारमाही बुके ही साधी गोष्ट झाली.

पण धंद्यातल्या फुलांचं शास्त्र करावं तर जपान्यांनी. नवीन ऑफिस, नवा संचालक, जागा बदलली, की पांढऱ्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडची कुंडी जाते. वास जवळजवळ नाही, पराग सांडत नाहीत, महिनाभर तरी आरामात टिकते, आणि सोबत पाठवणाऱ्याचं नाव ठळक लिहिलेली उभी पाटी, म्हणजे येणाराजाणारा प्रत्येकजण वाचणार कोणाकोणाचे संबंध आहेत ते. कुंडी का, तर रोप मूळ धरतं तसा धंदाही मूळ धरो, पण आजारी माणसाला मात्र कुंडी देत नाहीत, आजारच मूळ धरेल म्हणून! उद्घाटनाला लाल फुलं टाळतात, कारण लाल म्हणजे आग आणि हिशेबातला तोटा. पांढरी शेवंती तर अंत्यविधीची, आणि शेवंतीच्या बाबतीत फ्रान्समध्येही तेच, तिथे ती १ नोव्हेंबरच्या सुमारास कबरींवर ठेवतात, त्यामुळे दोन देशांत व्यवहार करणाऱ्याने रंगापेक्षा आधी फूल कोणतं ते विचारलेलं बरं.

हे ऑर्किड आता जपानबाहेरही पसरलंय. एकेकाळी ऑर्किड म्हणजे श्रीमंतांचे चोचले होते, पण १९६० मध्ये जॉर्ज मोरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने ऑर्किडच्या कोंबाच्या टोकातून प्रयोगशाळेत ढीगभर रोपं करता येतात हे दाखवलं, त्याचं काम सिम्बिडियम या दुसऱ्या प्रकारच्या ऑर्किडवर होतं, फॅलेनॉप्सिस जरा हट्टी निघालं आणि त्याला आणखी वेळ लागला, पण जमल्यावर भाव असे उतरले की आज बँकेच्या काउंटरपासून दवाखान्याच्या रिसेप्शनपर्यंत तेच दिसतं.