ऑर्डर आल्यावर कुरिअर कोण ठरवतं?

(हापूसची ऑनलाइन विक्री करणाऱ्या आमच्या बागायतदार ग्राहकांसाठी)

पुण्याहून रात्री अकराला कोणी दोन डझन आंबे मागवले, की तुमच्या दुकानामागे चार वेगळ्या सेवा कामाला लागतात. एक पिनकोड तपासते, एक पैसे घेते, एक माल नेते आणि एक मेसेज पाठवते. यातली एकही आमची नाही. त्यांची मोट बांधणं एवढंच आमचं काम.

पूर्वी आम्ही एकच कुरिअर पक्का करून द्यायचो. त्याचा सर्व्हर बसला की दुकान बसायचं, आणि पिकलेला आंबा काही थांबत नाही. आता ऑर्डर आली की त्याच क्षणी जोडलेल्या सगळ्या कुरिअरना विचारलं जातं: या पिनकोडला जाता का, किती दिवसांत, किती रुपयांत? वेळेत उत्तर न देणारा त्या ऑर्डरपुरता बाद. उरलेल्यांतून निवड तुमच्या नियमाने होते. हापूसला आधी दिवस, मग दर. आंबापोळीला उलट चालेल.

प्रत्येक कुरिअरची तऱ्हा वेगळी, कोणाला वजन ग्रॅममध्ये हवं तर कोणाला किलोत. म्हणून प्रत्येकासाठी मध्ये एक दुभाष्या प्रोग्रॅम असतो. नवा कुरिअर जोडताना फक्त तोच लिहावा लागतो, दुकान चालूच राहतं. बँकांना २०१६मध्ये यूपीआयने एक भाषा दिली. विक्री आणि डिलिव्हरीसाठी ओएनडीसी या खुल्या डिजिटल व्यापार-जाळ्याचा प्रयत्न तसाच आहे.

खरी डोकेदुखी अर्धवट ऑर्डरची. पैसे आले, पण कुरिअर बुकच झाला नाही, तर? पैसे दुसऱ्या कंपनीकडे असल्याने नोंद नुसती खोडून भागत नाही, रिफंडच करावा लागतो. म्हणून प्रत्येक पायरीची उलटी पायरी आधीच ठरलेली असते. गेलेला मेसेज मात्र परत घेता येत नाही, त्यामुळे तो सगळ्यात शेवटी. शिवाय उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही असं नव्हे. पुन्हा विचारताना ऑर्डर क्रमांक तोच ठेवतो, नाहीतर एका ऑर्डरला दोन पेट्या निघतील.

ग्राहकाचे यूपीआयने पैसे कापले गेले, पण तुमच्याकडे पोच नाही? घाबरून स्वतःच्या खिशातून देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या परिपत्रकाप्रमाणे ते ५ दिवसांत आपोआप परत जायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर ग्राहकाला रोज १०० रुपये भरपाई.

पहिली पेटी निघण्याआधी आम्हाला एवढं कळवा: आंबा जास्तीत जास्त किती दिवस वाटेत राहिलेला चालेल, आणि पेटीमागे कुरिअरला किती रुपयांपर्यंत द्यायची तयारी आहे.