काळी खुर्ची

काळी खुर्ची : वेल्श कवी आणि सैनिक हेद विन (13 जानेवारी 1887 – 31 जुलै 1917) यांना मृत्यूनंतर मिळालेली वेल्सच्या राष्ट्रीय आइस्टेद्वॉदची मानाची खुर्ची. आइस्टेद्वॉद म्हणजे वेल्श भाषेतला काव्य-संगीताचा महोत्सव. 1917 साली तो इंग्लंडमध्ये, लिव्हरपूलच्या समोर मर्सी नदीपलीकडच्या बर्कनहेडला भरला होता. खुर्चीचा रंग मुळात काळा नाही. समारंभात तिच्यावर काळे कापड घातले गेले, त्यावरून हे नाव पडले.

ही खुर्ची ‘आउद्ल’ या दीर्घकवितेसाठी देतात. आउद्ल परंपरेने ठरलेल्या 24 छंदांपैकीच छंदांत रचावी लागते आणि तिची प्रत्येक ओळ ‘कंगहानेद’ या नादबंधात बसावी लागते. आपल्याकडच्या अनुप्रासापेक्षा हा बंध फार कडक आहे. त्याच्या एका प्रकारात ओळीच्या पूर्वार्धातली व्यंजने उत्तरार्धात त्याच क्रमाने यावी लागतात, स्वर मात्र बदलावे लागतात. मराठीत जुळवून पाहायचे तर ‘काळी रात, कळे रूप’ : दोन्ही अर्धांत क-ळ-र हाच क्रम आहे. शेवटचे व्यंजन मात्र वेगळे हवे. ‘रूप’च्या जागी ‘रीत’ घातले तर दोन्हीकडे त येतो आणि ओळ सदोष ठरते. कान तयार नसलेल्याला हा दोष जाणवतही नाही, परीक्षकांना तो लगेच खटकतो. असा बंध शेकडो ओळी सांभाळत अर्थ वाहता ठेवायचा, म्हणून या खुर्चीचे मोल. एकही कविता त्या तोडीची नसेल, तर त्या वर्षी खुर्ची कोणालाच देत नाहीत.

हेद विन यांचे मूळ नाव एलिस हम्फ्री एव्हान्स. उत्तर वेल्समधल्या त्राउसवनिद गावाजवळ अर अस्गूर्न हे त्यांच्या कुटुंबाचे डोंगराळ शेत होते. अकरा भावंडांत ते थोरले. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि ते घरची मेंढरे राखू लागले. 1907 साली बाला येथील स्थानिक आइस्टेद्वॉदमध्ये त्यांनी पहिली खुर्ची जिंकली. ‘हेद विन’ म्हणजे धन्य शांती. दरीतल्या धुक्यातून उतरणाऱ्या उन्हावरून सुचलेले हे काव्यनाम त्यांना 1910 मध्ये एका कविमेळाव्यात मिळाले. 1916 च्या राष्ट्रीय आइस्टेद्वॉदमध्ये ते दुसरे आले.

त्याच वर्षी पहिल्या महायुद्धासाठी ब्रिटनमध्ये सक्तीची सैन्यभरती सुरू झाली. शेतीकामाला सूट होती, पण एव्हान्सांच्या घरातून एका मुलाला जावे लागणार होते. धाकट्या भावाऐवजी एलिस गेले. 1917 च्या सुरुवातीला लिदरलँडच्या छावणीत त्यांचे प्रशिक्षण झाले. मार्चमध्ये नांगरणीसाठी शेतकरी सैनिकांना काही काळ घरी सोडण्यात आले आणि त्यांना सात आठवड्यांची रजा मिळाली. ‘अर आरूर’ (वीर) ही आउद्ल त्यांनी मुख्यतः त्या रजेत लिहिली. पुढे फ्रान्समध्ये फ्लेशँ गावी ते रॉयल वेल्श फ्यूजिलियर्सच्या 15 व्या बटालियनमध्ये रुजू झाले. तिथे त्यांनी कविता पुरी केली आणि जुलैच्या मध्यास ‘फ्लर-द-ली’ या टोपणनावाने टपालाने पाठवली.

31 जुलैला पहाटे 3.50 वाजता ईप्रची तिसरी लढाई सुरू झाली. 38 व्या वेल्श डिव्हिजनला बेल्जियममधली पिल्केमची टेकडी घ्यायची होती. या चढाईत तोफगोळ्याचा तुकडा लागून हेद विन जबर जखमी झाले. त्यांना उचलून उपचार केंद्रात नेले, तेव्हा ते शुद्धीवर होते. सकाळी 11 च्या सुमारास त्यांनी प्राण सोडला. वय 30.

खुर्चीच्या समारंभाची रीत अशी : निकाल वाचून होईपर्यंत विजेता श्रोत्यांतच अनामिक बसलेला असतो. प्रमुख पुरोहित-कवी त्याचे टोपणनाव पुकारतो, तुतारी वाजते, विजेता उठून उभा राहतो. त्याला वाजतगाजत खुर्चीपाशी नेतात. तलवार म्यानातून अर्धवट ओढून ‘आ ओईस हेद्दुख?’ – शांती आहे का? – असे तीनदा विचारतात आणि सभा प्रत्येक वेळी ‘हेद्दुख!’ म्हणते. तलवार कधीच पूर्ण उपसत नाहीत. ‘हेद’ हा शब्द याच ‘हेद्दुख’मधला.

6 सप्टेंबर 1917 रोजी ‘फ्लर-द-ली’ हे नाव पुकारले गेले, तेव्हा कोणी उठले नाही. कवी लढाईत पडल्याचे सभेला सांगण्यात आले आणि रिकाम्या खुर्चीवर काळे कापड घातले. पंतप्रधान लॉइड जॉर्ज त्या सभेत होते. ड्रॅगन आणि केल्टिक वेलबुट्टी कोरलेली ती खुर्ची बेल्जियममधून युद्धामुळे परागंदा झालेले कारागीर यूजीन व्हानफ्लेटेरेन यांनी घडवली होती; कवी मेला तोही बेल्जियमच्याच मातीत.

ईप्रजवळच्या बूझिंगे येथील आर्टिलरी वुड स्मशानभूमीत त्यांची कबर आहे. शिळेवर वेल्शमध्ये ‘अ प्रिवार्द हेद विन’, म्हणजे महाकवी हेद विन, असे कोरले आहे. त्याच दिवशी मारले गेलेले आयरिश कवी फ्रान्सिस लेडविज हेही तिथेच आहेत. त्राउसवनिदमधल्या हेद विन यांच्या कांस्य पुतळ्याचे अनावरण 1923 मध्ये त्यांच्या आईच्या हस्ते झाले. पुतळ्याच्या अंगावर लष्करी गणवेश नाही, मेंढपाळाचे कपडे आहेत. खुर्ची अर अस्गूर्नच्या घरीच आहे. ते घर 2012 पासून स्नोडोनिया राष्ट्रीय उद्यानाच्या ताब्यात असून पाहण्यासाठी खुले आहे.