परदेशी सून, परदेशी जावई: प्रमाणपत्रावर नाव कोणते लिहायचे?

परदेशी मुलीशी किंवा मुलाशी लग्न झाले की घरचे आमच्याकडे, म्हणजे अशा जोडप्यांचे अर्ज भरून देणाऱ्या आमच्या कार्यालयात, दोन प्रश्न घेऊन येतात: ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकाला भारतात येण्याराहण्याची दीर्घकाळ मुभा देणारे कार्ड) कधी मिळेल, आणि भारताचे नागरिकत्व कधी? दोन्हींची उत्तरे पुढे दिली आहेत. पण लातूर, नांदेड, परभणी, बीडकडून आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक फायली तिथे अडत नाहीत. त्या अडतात विवाह प्रमाणपत्रावरच्या नावापाशी. म्हणून आधी नावाचेच बोलू.

आपल्याकडे लग्नात नवरीचे नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवरदेवाने अंगठीने नवे नाव लिहायचे. परदेशी सूनही हे हौसेने करते, घरच्यांना आनंद होतो, आणि व्हायलाच हवा. अडचण पुढच्या आठवड्यात सुरू होते. विवाहनोंदणीचा अर्ज भरताना घरातले कोणी जाणते माणूस तेच नवे नाव, मधे नवऱ्याचे नाव आणि शेवटी आपले आडनाव लिहून मोकळे होते. समजा, पासपोर्टवर 'योहाना म्युलर' असलेली मुलगी प्रमाणपत्रावर 'आरती सुनील शिंदे' झाली. आता कागद सांगतो की सुनीलचे लग्न आरतीशी झाले, आणि व्हिसा मागते आहे योहाना. समोरचा अधिकारी तुम्हाला ओळखत नाही. त्याच्यापुढे फक्त दोन कागद असतात आणि त्यांवर दोन वेगळ्या स्त्रिया असतात.

मग सुनीलच्या पासपोर्टवर पत्नीचे नाव 'आरती' चढते. बाळंतपणाला दवाखान्यात नाव 'आरती' लागते. दवाखान्याकडून जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत जाते, म्हणून लेकराच्या जन्मदाखल्यावर आईही 'आरती'. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम लागू झाला आहे. म्हणजे आईच्या नावातली चूक आता लेकराच्या स्वतःच्या नावातच जाऊन बसते, आणि शाळेच्या दाखल्यापासून पासपोर्टपर्यंत त्याच्याबरोबर चालते.

'राजपत्रात नाव बदलून घेऊ' असे बरेच जण सुचवतात. परदेशी नागरिकाचे नाव बदलण्याचा अधिकार तिच्या देशाकडे असतो. तिच्या पासपोर्टवर नवे नाव उतरत नाही तोवर इथल्या राजपत्राने काम भागत नाही. नवे नाव खरोखर लावायचे असेल तर आधी तिचा पासपोर्ट बदलून घ्या, मग इथले कागद करा. नाहीतर घरात आरती म्हणा, कागदावर योहाना म्युलरच राहू द्या. त्यात सासरचा काही अपमान नाही.

दुसरी बारीक गोष्ट स्पेलिंगची. जर्मन पासपोर्टवर योहानाचे नाव 'जे' अक्षराने सुरू होते, पण उच्चार 'य' होतो. अर्जात कोणी मराठीतून ऐकून इंग्रजीत उतरवले की ते 'वाय'ने सुरू होते. म्युलरमधल्या 'यू'वर दोन टिंबे असतात. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर अगदी तळाला बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात, त्यांत तेच अक्षर 'यू' आणि पुढे 'ई' असे लिहिलेले असते. आम्ही प्रत्येक अर्ज त्या दोन ओळींशी अक्षर अक्षर लावून पाहतो. कार्यालयात बसून 'इतकं काय बघताय' असे म्हणणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच, की प्रमाणपत्र दुरुस्त करायला पुन्हा त्याच नोंदणी कार्यालयात जावे लागते, प्रतिज्ञापत्र लागते, आणि तोवर सून परत गेलेली असली तर तिची सही आणि हजेरी आणायची कुठून हा प्रश्न उभा राहतो.

आता लग्न कोणत्या कायद्याखाली करायचे ते. हिंदू विवाह कायदा, १९५५ दोघेही हिंदू असतील तरच लागू होतो. त्याच्या व्याख्येत बौद्ध, जैन आणि शीखही येतात. मुलगी ख्रिस्ती असेल आणि मंगल कार्यालयात सप्तपदी झाली असेल, तर ग्रामपंचायतीतली नोंद त्या लग्नाला या कायद्यात बसवू शकत नाही. अशा जोडप्यांनी विशेष विवाह कायदा, १९५४ धरावा. त्यात नोटीस द्यायच्या आधी दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात सलग ३० दिवस राहिलेले असावे लागते. नोटीस लागल्यावर हरकतींसाठी आणखी ३० दिवस जातात, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर लग्न व्हावे लागते. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरून, तीन आठवड्यांची रजा काढून दोघे परदेशातून आले, तर हे गणित बसणार नाही. त्यांना आम्ही सांगतो की लग्नाची नोंदणी तिकडेच करून घ्या, प्रमाणपत्रावर अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात मान्य व्हावा म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का) घ्या, आणि इथे फक्त सोहळा करा. आपला देश २००५ पासून अपोस्टिलच्या करारात आहे. मात्र तिकडे नोंदणी झाल्यावर इथे पुन्हा दुसरी नोंदणी करू नका. एका लग्नाच्या दोन तारखा झाल्या की त्यांचा खुलासा करण्यातच वेळ जातो. मुस्लीम आणि ख्रिस्ती पद्धतीच्या लग्नांचे नियम वेगळे आहेत, ते प्रत्यक्ष बोलू.

ओसीआय कार्डासाठी नागरिकत्व कायदा, १९५५ चे कलम ७अ पाहावे. लग्न नोंदलेले असावे आणि अर्जाच्या लगेच आधी सलग दोन वर्षे टिकलेले असावे. पत्रिकेवरची तारीख दाखवून 'दोन वर्षे झाली की' म्हणून भागत नाही. नोंदणीच्या तारखेपासूनच मोजा, म्हणजे वाद राहत नाही. आधीची नोंदणी चुकीच्या कायद्याखाली झाली म्हणून नवी करावी लागली, तर मोजणीही नव्याने सुरू झाली असे समजा. जोडीदार स्वतः किंवा त्याचे आईवडील, आजीआजोबा, पणजीपणजोबा यांपैकी कोणी पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक असतील किंवा कधी काळी असतील, तर हा मार्ग बंद आहे. अशांकडून आम्ही ओसीआयच्या कामाचे पैसे घेत नाही. घटस्फोट झाला तर लग्नावर मिळालेले कार्ड जाते.

दोन वर्षे होईपर्यंत जोडीदाराने एंट्री व्हिसावर राहावे. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत ई-एफआरआरओवर, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर, नोंदणी करावी लागते. घरी परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत कळवायचे असते. जुने लोक याला अजून सी फॉर्म म्हणतात. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठीचा नवा कायदा लागू झाला आहे, तेव्हा शेजाऱ्यांच्या जुन्या अनुभवावर जाऊ नका.

ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, आणि सुनेच्या नावाने वावर विकत घेता येत नाही. सातबारावर नाव चढवायच्या बेताने ओसीआय करायला येणाऱ्यांना आम्ही हे पहिल्याच भेटीत सांगतो, कारण रजिस्ट्रीच्या दिवशी कळण्यापेक्षा ते बरे. नागरिकत्वासाठी भारतीय व्यक्तीशी लग्न आणि भारतात सात वर्षांचे वास्तव्य लागते, त्यातले शेवटचे बारा महिने सलग. दुसरा मार्ग ओसीआय पाच वर्षे असणे आणि शेवटचे बारा महिने इथे राहणे. दोन्ही मार्गांत परदेशी जोडीदाराला स्वतःच्या देशाचे नागरिकत्व सोडावे लागते. जर्मनीने २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व मान्य केले आहे, भारताने केलेले नाही. उलट बाजूनेही तेच: मुलाने तिकडचे नागरिकत्व घेतले की त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. आमच्या मते ज्यांचे जाणेयेणे दोन्हीकडे राहणार आहे, त्यांना ओसीआय पुरते.

लेकरू परदेशात जन्मले आणि त्याला भारतीय नागरिक ठेवायचे असेल, तर एका वर्षाच्या आत तिथल्या भारतीय दूतावासात नोंद करा. पुढे ढकललेत तर केंद्र सरकारची परवानगी लागते.

आम्ही मूळ पासपोर्ट पाहिल्याशिवाय अर्ज भरत नाही आणि 'आठ दिवसांत करून देतो' असे कोणाला सांगत नाही. सुरक्षा पडताळणी आमच्या हातात नसते. आमच्या हातात असते ते कागद एकमेकांशी जुळवणे. मुलाच्या पासपोर्टवर जन्मगाव 'उस्मानाबाद' आणि नव्या दाखल्यावर 'धाराशिव', असे आले तर २०२३ च्या नामांतराच्या अधिसूचनेची प्रत आम्ही स्वतः जोडतो. तो बदल सरकारी आहे, त्याचा खुलासा सोपा असतो. घरात ठरवलेल्या नावासाठी मात्र अशी कोणती अधिसूचना नसते.

म्हणून पत्रिका छापायला टाकायच्या आधी एकदा भेटा. पहिल्या भेटीची फी घेत नाही. येताना दोघांचे मूळ पासपोर्ट, जोडीदाराचा जन्मदाखला, अविवाहित असल्याचा दाखला, आणि आधी लग्न झाले असेल तर घटस्फोटाचा आदेश आणा. जोडीदार अजून परदेशात असेल तर पासपोर्टच्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घ्या, फक्त तळाच्या दोन ओळी कापल्या जाऊ देऊ नका.