डबल बेसच्या ग्रेड परीक्षेचा अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि त्याआधी करायच्या गोष्टी

डबल बेस, म्हणजे व्हायोलिनच्या कुळातले सर्वांत मोठे आणि खालच्या स्वरांचे वाद्य, शिकायला लागून काही काळ लोटला, गज स्थिर चालू लागला आणि दोन-तीन छोट्या रचना अडखळत का होईना पूर्ण वाजू लागल्या, की ग्रेड परीक्षेचा, म्हणजे वादनाची पातळी टप्प्याटप्प्याने तपासणाऱ्या परीक्षेचा, विषय निघतोच. या परीक्षा घेणाऱ्या संस्थांमध्ये असोसिएटेड बोर्ड ऑफ द रॉयल स्कूल्स ऑफ म्युझिक, म्हणजे एबीआरएसएम, ही 1889 साली स्थापन झालेली संस्था अनेक देशांत परिचित आहे, म्हणून पुढील माहिती तिच्या ग्रेड 1 ते 8 या परीक्षांपुरती दिली आहे. अर्ज भरणे तसे सोपे असते. अडचण येते ती बहुधा अर्जाच्या बरीच आधी करून ठेवायच्या गोष्टी राहून गेल्यामुळे, म्हणून त्या गोष्टींविषयी येथे सविस्तर लिहीत आहे.

वयाची अट नाही. आधीची ग्रेड उत्तीर्ण असलीच पाहिजे, असेही नाही. तयारी असेल तर विद्यार्थी पहिल्यांदाच थेट ग्रेड 3 किंवा 4 ला बसू शकतो. मात्र ग्रेड 6, 7 आणि 8 साठी एक ठाम पूर्वअट आहे. संगीत सिद्धांताची, म्हणजे म्युझिक थिअरीची, ग्रेड 5 किंवा त्यावरची परीक्षा, अथवा प्रॅक्टिकल म्युझिशियनशिप (संगीताची समज प्रत्यक्ष वाजवून-गाऊन तपासणारी परीक्षा) किंवा एकल जॅझ वादनाची त्याच पातळीची परीक्षा आधी उत्तीर्ण असावी लागते. ग्रेड 5 च्या रचना हातात बसल्या की विद्यार्थी उत्साहाने ग्रेड 6 च्या मागे लागतो आणि ऐन अर्जाच्या वेळी थिअरी राहिल्याचे लक्षात येते. थिअरीची तयारी ग्रेड 4 चालू असतानाच सुरू करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. या अभ्यासाचा डबल बेस वाजवणाऱ्याला प्रत्यक्ष उपयोगही होतो. थिअरीच्या ग्रेड 5 पर्यंत टेनर क्लेफ (कोणत्या ओळीवर कोणता स्वर हे ठरवणारे, ओळींच्या सुरुवातीचे एक चिन्ह) वाचता यावा लागतो, आणि डबल बेसचे वरच्या पट्टीतले स्वर पुष्कळदा त्याच क्लेफमध्ये लिहिलेले असतात. शिवाय लिहिलेल्या स्वरापेक्षा एक सप्तक खाली वाजणारे हे वाद्य असल्यामुळे, लिहिलेला स्वर आणि ऐकू येणारा स्वर यांतला फरक थिअरीतून पक्का समजतो.

अर्जात परीक्षेचा प्रकार निवडावा लागतो. प्रॅक्टिकल ग्रेडमध्ये परीक्षकासमोर तीन रचना, स्केल्स आणि आर्पेजिओ (क्रमाने चढत्या-उतरत्या स्वरमालिका आणि सुटे करून वाजवलेले कॉर्डचे स्वर), पाहताक्षणी वाचून वाजवणे आणि श्रवण चाचणी असते. परफॉर्मन्स ग्रेडमध्ये चार रचनांचे सलग चित्रीकरण पाठवायचे असते. दोन्ही प्रकारांत एकूण गुण 150 असून 100 गुणांना उत्तीर्ण, 120 ला मेरिट आणि 130 ला डिस्टिंक्शन मिळते. ज्याचे वाचन कच्चे आहे त्याने केवळ ते टाळण्यासाठी चित्रीकरणाचा मार्ग धरू नये, कारण वाद्यवृंदात बसणाऱ्या बेसवादकाचे सगळे काम नोटेशन वाचण्यावरच चालते.

रचना अभ्यासक्रमाच्या तीन याद्यांमधून निवडायच्या असतात. येथे डबल बेसपुरती एक बारीक गोष्ट तपासावी लागते. वाद्यवृंदातील नेहमीच्या जुळणीत तारा खालून वर ई, ए, डी, जी अशा लावतात, तर एकल वादनाच्या जुळणीत त्या एक पूर्ण स्वर चढवतात. त्यामुळे बेसचे पान तेच राहिले तरी पियानोची पट्टी बदलते. साथीदाराकडे कोणत्या जुळणीची प्रत आहे, हे अर्ज करण्यापूर्वीच एकत्र वाजवून पाहावे. प्रत्यक्ष परीक्षेसाठी साथीदार विद्यार्थ्यानेच आणायचा असतो. परीक्षक साथ करत नाही, आणि ध्वनिमुद्रित साथ तेथे चालत नाही.

वाद्याच्या आकाराचे बंधन नाही. बहुतेक प्रौढ वादकसुद्धा ज्याला तीन-चतुर्थांश म्हणतात तोच आकार वापरतात, आणि लहान मुलांना त्याहून लहान वाद्य घेऊन बसता येते. गज फ्रेंच पद्धतीचा आहे की जर्मन (या गज धरण्याच्या दोन पद्धती आहेत), यावरही गुण अवलंबून नसतात. परीक्षक कानाला काय ऐकू येते ते पाहतो. जुळणी मात्र विसरू नये. ग्रेड 5 पर्यंत शिक्षक किंवा साथीदार तारा लावून देऊ शकतात, पण ग्रेड 6 पासून ते काम विद्यार्थ्याला स्वतःच करावे लागते.

कागदपत्रे मोजकीच आहेत. विद्यार्थ्याचे नाव प्रमाणपत्रावर जसे छापून हवे आहे तसेच अर्जात लिहावे, जन्मतारीख अचूक द्यावी आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र हाताशी ठेवावे. वरच्या ग्रेडसाठी थिअरी उत्तीर्ण झाल्याचा पुरावा लागतो. दृष्टी, श्रवण किंवा अन्य कारणाने वेगळी सोय हवी असल्यास तज्ज्ञाचे पत्र जोडावे लागते, आणि ते मिळायला वेळ जातो. वाजवायच्या रचनांच्या अधिकृत प्रती विद्यार्थ्याकडे असाव्यात; पूर्ण रचनेच्या झेरॉक्सवर विसंबू नये.

अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर खाते उघडून करतात. अर्जदार प्रौढ असावा लागतो, म्हणजे लहान विद्यार्थ्यासाठी पालक किंवा शिक्षक अर्ज भरतात, तर प्रौढ विद्यार्थी स्वतःच भरू शकतो. वाद्य निवडताना यादीत डबल बेसच निवडला आहे ना, प्रकार आणि ग्रेड बरोबर आहेत ना, हे शुल्क भरण्यापूर्वी पुन्हा वाचावे. शुल्क आणि नोंदणीच्या तारखा देशागणिक वेगळ्या असतात.

परफॉर्मन्स ग्रेड घेणाऱ्यांनी चित्रीकरणाची तालीम वेगळी करावी. चारही रचना एकाच सलग चित्रीकरणात, कापाकापी न करता वाजवायच्या असतात, आणि मधल्या विरामांसह वेळेची कमाल मर्यादा ग्रेड 5 ला 12 मिनिटे, तर ग्रेड 8 ला 25 मिनिटे आहे. या प्रकारात चौथी रचना यादीबाहेरची निवडली असल्यास तिच्या नोटेशनची सुरुवात कॅमेऱ्याला दाखवावी लागते. वाद्य माणसाएवढे उंच असल्यामुळे डावा हात वरच्या टोकाला आणि गज पार घोडीपाशी असतो. दोन्ही चौकटीत यावेत म्हणून कॅमेरा चांगला लांब ठेवावा. गुळगुळीत फरशीवर एंडपिन, म्हणजे वाद्याच्या तळाचा टेकू, घसरतो, तेव्हा खाली रबरी पट्टी किंवा जाड सतरंजी घालावी. ई तारेचा मोकळा स्वर सुमारे 41 हर्ट्झचा असतो आणि फोनच्या छोट्या स्पीकरवर त्याचा पाया ऐकूच येत नाही, म्हणून चाचणीचे चित्रीकरण हेडफोन लावून ऐकावे. खालचे स्वर पातळ किंवा फुटल्यासारखे वाटले, तर फोन थोडा मागे सरकवून किंवा खोलीतली जागा बदलून पुन्हा चाचणी घ्यावी, आणि आवाजाची खात्री पटल्यावरच अंतिम चित्रीकरण करून ते मुदतीच्या आत अपलोड करावे.