रस्त्याकाठच्या लोप पावत्या स्थळांचे कृष्णधवल छायाचित्रण

वाहतुकीचा ओघ दुसरीकडे वळल्यामुळे किंवा धंदाच कालबाह्य झाल्यामुळे बंद पडलेली अथवा पडू घातलेली रस्त्याकाठची ठिकाणे पाडली जाण्यापूर्वी कृष्णधवल चित्रांत नोंदवून ठेवण्याची प्रथा. जुने पेट्रोल पंप, मोटेल, लहान उपाहारगृहे, ड्राइव्ह-इन चित्रपटगृहे, निऑनच्या पाट्या आणि भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती हे तिचे नेहमीचे विषय. प्रथा अर्धी दस्तऐवजाची आणि अर्धी कलेची आहे, आणि या दोन अर्ध्यांचे आपसांत नेहमीच जमते असे नाही. तिचा सर्वाधिक विस्तार अमेरिकेत झाला, कारण केवळ मोटारीतून जाणाऱ्या गिऱ्हाइकासाठी मैलोन्‌मैल बांधकाम करायचे आणि एका पिढीच्या आत ते वाऱ्यावर सोडायचे, हा प्रकार तेथे जितक्या मोठ्या प्रमाणावर घडला तितका अन्यत्र क्वचितच घडला.

प्रथेचे मूळ मात्र मोटारीच्या आधीचे आहे. घोडागाड्यांच्या मार्गांवर मुक्कामासाठी आणि घोडे बदलण्यासाठी ज्या सराया उभ्या राहिल्या होत्या, त्यांचा धंदा इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात रेल्वेने बुडवला. लंडनमधील सेंट पॉल कॅथीड्रलजवळची ‘ऑक्सफर्ड आर्म्स’ ही लाकडी सज्जांनी वेढलेल्या चौकाची सराई पाडली जाणार असे कळल्यावर १८७५ मध्ये तिची छायाचित्रे काढवून घेण्यात आली आणि त्या कामातूनच जुन्या लंडनच्या अवशेषांची छायाचित्रे प्रसिद्ध करणारी एक संस्था सुरू झाली. १८८६ पर्यंत तिने १२० छायाचित्रे काढली. त्यांची छपाई कार्बन पद्धतीची होती. रंगद्रव्याची ही छपाई त्या काळच्या चांदीच्या छपाईसारखी विटत नाही. नाहीशी होणारी वास्तू निवडायची आणि तिचे चित्र तरी नाहीसे होऊ नये याची तजवीज करायची, या दोन्ही गोष्टी अशा रीतीने आरंभापासूनच बरोबर आल्या.

अमेरिकेतील परंपरा छायाचित्रकार वॉकर एव्हान्स यांच्यापासून धरली जाते. १९३५ पासून पुढची दोन-तीन वर्षे सरकारी नोकरीत असताना त्यांनी दक्षिणेकडील राज्यांतील रस्त्याकाठची दुकाने, पंप आणि हाताने रंगवलेल्या पाट्या ८ × १० इंचांची निगेटिव्ह घेणाऱ्या कॅमेऱ्याने समोरून, सरळ आणि भरपूर तपशिलांसह टिपल्या. ते ज्या सरकारी प्रकल्पात होते, त्याचा सुमारे १,७५,००० कृष्णधवल निगेटिव्हचा संग्रह आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. एव्हान्स यांनी टिपली तेव्हा ही दुकाने चालू होती. दारात माणसे उभी होती, भाव लिहिलेले होते, माल मांडलेला होता. लोप पावत असलेल्या ठिकाणांची म्हणून आज जी चित्रे प्रमाण मानली जातात, त्यांतील बरीचशी ही ठिकाणे लोप पावण्याच्या कितीतरी आधीची आहेत, आणि दार-खिडक्यांना फळ्या ठोकल्यानंतर काढलेल्या चित्रात ते व्यवहाराचे तपशील कोणत्याही कौशल्याने परत आणता येत नाहीत.

ऱ्हासाचे मुख्य कारण कायद्यात सापडते. १९५६ च्या कायद्याने ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांची योजना मंजूर झाली. या महामार्गांवर वाहनांना ठरावीक ठिकाणीच आत-बाहेर करता येते, त्यामुळे जुन्या रस्त्याला लागूनच दार असलेला पंप किंवा मोटेल त्यांच्या काठी असूच शकत नव्हते. शिकागो ते सांता मोनिका हा १९२६ मध्ये आखलेला ६६ क्रमांकाचा मार्ग तुकड्या-तुकड्याने निरुपयोगी होत गेला आणि १९८५ मध्ये अधिकृत यादीतून काढला गेला. टेक्सास आणि न्यू मेक्सिको यांच्या सीमेवरील ग्लेनरिओ हे गाव १९७० च्या दशकात नव्या महामार्गाने असेच बाजूला टाकले. तेथील मोटेलच्या पाटीवर एका बाजूने येणाऱ्याला ते टेक्सासमधले पहिले आणि दुसऱ्या बाजूने येणाऱ्याला शेवटचे असल्याचे लिहिलेले होते. अक्षरे गळत जाऊन पुढे त्या पाटीचा सांगाडाच उरला, आणि वेगवेगळ्या वर्षांची छायाचित्रे शेजारी ठेवली तर ही गळती अक्षरागणिक मोजता येते.

पुढच्या पिढीने भावुकता कटाक्षाने टाळली. चित्रकार एड रुशे यांनी लॉस एंजेलिस आणि ओक्लाहोमा सिटी यांच्या दरम्यानच्या २६ पेट्रोल पंपांची छायाचित्रे १९६३ मध्ये एका लहानशा पुस्तकात छापली. ती इतकी साधी होती की लायब्ररी ऑफ काँग्रेसने पुस्तक ठेवून घ्यायला नकार दिला आणि रुशे यांनी त्या नकाराचीच जाहिरात केली. १९७५ मध्ये रॉचेस्टर येथे भरलेल्या ‘न्यू टोपोग्राफिक्स’ प्रदर्शनात जॉन शॉट यांनी ६६ क्रमांकाच्या मार्गावरील मोटेलांची चित्रे मांडली. दहा प्रदर्शकांपैकी स्टीफन शोर सोडून सर्वांचे काम कृष्णधवल होते.

कृष्णधवल का, या प्रश्नाला ‘जुने दिसते म्हणून’ हे उत्तर नेहमी दिले जाते आणि ते सर्वांत लंगडे आहे. खरे कारण टिकाऊपणाचे आहे. रंगीत फिल्ममधील प्रतिमा सेंद्रिय रंजकांची (रंग देणाऱ्या द्रव्यांची) बनलेली असते आणि ती अंधारात ठेवली तरी हळूहळू उतरते. कृष्णधवल निगेटिव्हवर धातुरूप चांदी असते आणि हायपो (प्रतिमा पक्की करण्यासाठी वापरलेले रसायन) पुरता धुऊन काढला असेल तर ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. १९३३ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेतील ऐतिहासिक वास्तूंच्या सरकारी सर्वेक्षणाने कित्येक दशके मोठ्या आकाराच्या कृष्णधवल निगेटिव्हचा आग्रह धरला, कारण नोंद ५०० वर्षे टिकली पाहिजे असा तेथील निकष होता.

रंग करड्या छटांत उतरवताना छायाचित्रकाराला निर्णय घ्यावे लागतात. हिरव्या पाटीवरची लाल अक्षरे डोळ्याला झणझणीत दिसतात. पण दोन्ही रंगांची उजळता सारखी असेल तर फिल्मवर दोहोंचा एकच करडा होतो आणि पाटी कोरी निघते. भिंगावर लाल फिल्टर चढवला की अक्षरे पांढरी आणि पाटी काळी होते, हिरव्याने नेमके उलट होते. पांढऱ्या भिंतीवर विटून गुलाबी झालेली जाहिरात लाल फिल्टरखाली पुरती नाहीशी होते. हिरवा किंवा निळा फिल्टर लावला, तर नुसत्या डोळ्याला न लागणारी अक्षरेसुद्धा वर येतात. लाल फिल्टरने निळे आभाळ काळवंडते आणि एक्स्पोजर (फिल्मवर पडू द्यायचा प्रकाश) साधारण आठपट द्यावे लागते. हे काळे आभाळ या प्रकारात इतके वापरून झाले आहे की त्याने आता वास्तूपेक्षा फिल्टरच दिसतो. डिजिटल कॅमेऱ्यात हीच निवड चित्र काढल्यानंतर लाल, हिरव्या आणि निळ्या रंगवाहिन्यांचे प्रमाण बदलून करता येते.

निऑनची पाटी सूर्य मावळल्यानंतरच्या थोड्या मिनिटांतच नीट मिळते. आभाळात उजेड असेपर्यंत इमारतीची कड शिल्लक असते, पुढे नळ्यांशिवाय काही उरत नाही. निऑनचा उजेड तांबडा-नारिंगी असल्याने लाल न ओळखणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म येथे कुचकामी ठरते. शिवाय दीर्घ एक्स्पोजरमध्ये फिल्म मंदावत असल्यामुळे प्रकाशमापक सांगेल त्याहून जास्त वेळ शटर उघडे ठेवावे लागते. रंगाचे पोपडे, गंजलेला पत्रा आणि विटांवरची पुसट अक्षरे यांना तिरपे ऊन मानवते, तर छपराखालच्या सावलीतला मजकूर वाचायचा असेल तर ढगाळ दिवस बरा. इमारतीच्या उभ्या रेषा सरळ राहाव्यात म्हणून कॅमेरा वर न कलवता भिंगच वर सरकवण्याची सोय असलेला कॅमेरा पसंत केला जातो. निगेटिव्हसोबत तारीख, रस्त्याचा क्रमांक, मैलाचा दगड आणि कॅमेऱ्याची दिशा लिहिलेली नसेल, तर इमारत पडल्यावर ते चित्र कोणत्या तरी पंपाचे एवढेच उरते.

या प्रथेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा की रस्त्याकाठचा मोठा ऐवज रंगच होता. पेट्रोल कंपन्या आणि मोटेलवाले धावत्या मोटारीतून दिसावे म्हणूनच भडक रंग लावत. छायाचित्रकार जॉन मार्गोलिस यांनी १९६९ पासून सुमारे चाळीस वर्षे लख्ख उन्हात रंगीत पारदर्शिकांवर (स्लाइडवर) काम केले आणि त्यांच्या ११,७१० पारदर्शिकाही लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्येच आहेत. एखाद्या पंपाचा रंग कोणता होता हे शोधणाऱ्याला तिकडेच जावे लागते. रंगीत छायाचित्रणाला एकेकाळी ग्राम्य ठरवणाऱ्या एव्हान्स यांनीही १९७३ मध्ये पोलरॉइडचा, चित्र तेथल्या तेथे देणारा एसएक्स-७० कॅमेरा हाती घेतला आणि अखेरच्या वर्षांत त्यावर पाट्यांची रंगीत चित्रे काढली. त्याच सुमारास ते रस्त्यावरच्या खऱ्या पाट्याही उचकटून घरी आणू लागले होते.