समुद्रकाठच्या शहरांतली सार्वजनिक कला

समुद्रकाठच्या शहरात बंदराचा धक्का, किनाऱ्याचा फुटपाथ, मेट्रो स्टेशन, जिने, घरांच्या भिंती, बाक, अगदी गटारांची झाकणं, अशा रोजच्या येण्याजाण्याच्या जागी तिकीट न काढता जी कला बघायला (आणि त्यावर बसायला, चालायला, चढायला) मिळते ती सगळी सार्वजनिक कलेत येते. पुतळे आणि स्मारकं पण यातच धरतात, पण चौकातल्या पुतळ्याकडे महिन्याभराने कोणी मान वर करून बघत नाही आणि ज्याचा रोज काहीतरी उपयोग होतो ते मात्र लोक आपलं मानतात, म्हणून इथे जास्त भर त्यावर.

याचं सगळ्यात भारी उदाहरण क्रोएशियातल्या झादरचं. दुसऱ्या महायुद्धात हे शहर बेचिराख झालं, नंतर घाईघाईत बांधलेला किनारा म्हणजे नुसती सरळसोट काँक्रीटची भिंत होती. २००५ मध्ये निकोला बाशिच या आर्किटेक्टने तिथे पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या केल्या आणि त्यांच्या पोटात ३५ पाइप बसवले. लाट आत शिरली की पाइपातली हवा दाबली जाते आणि वरच्या भोकांतून सूर निघतात, वाजवणारा कोणी नाही, वीज नाही, आणि समुद्र कसा आहे त्यावर आवाज ठरतो. अंदाजे ७० मीटर लांबीचं हे सागर ऑर्गन. लोक तिथे काय करतात तर पायऱ्यांवर बसतात, बस्स! २००८ मध्ये त्याच आर्किटेक्टने शेजारीच २२ मीटर व्यासाचं काचेचं वर्तुळ जमिनीत बसवलं, ते दिवसभर ऊन साठवतं आणि रात्री उजळतं.

पायाखालच्या कलेत ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोच्या कोपाकबाना किनाऱ्याला तोड नाही. काळ्यापांढऱ्या दगडांच्या तुकड्यांची लाटांची नक्षी तिथे आधीपासून होती, मूळ पद्धत पोर्तुगालची, पण १९७० मध्ये किनाऱ्याचा रस्ता रुंद केला तेव्हा रोबेर्तो बुर्ले मार्क्स या लँडस्केप आर्किटेक्टने लाटा मोठ्या केल्या आणि रस्त्याच्या मधल्या पट्ट्यावर आणि इमारतींच्या बाजूच्या फुटपाथवर वेगळीच अमूर्त डिझाइन्स घातली. जवळपास ४ किलोमीटरचं हे चित्र पूर्ण बघायचं तर उंच इमारतीत जावं लागतं, खाली चालणाऱ्याला फक्त तुकडे दिसतात. लिस्बनमध्ये १९५९ ला मेट्रो सुरू झाली तेव्हा सुरुवातीच्या बहुतेक स्टेशनांच्या भिंतींवर चित्रकार मारिया केल यांनी टाइल्सची डिझाइन्स केली, बजेट कमी होतं, आणि टाइल दमट हवेत टिकते, पुसली की स्वच्छ, त्यामुळे हा निर्णय सुंदर तर होताच पण व्यवहाराचाही होता.

समुद्रकाठी खरा प्रॉब्लेम खाऱ्या हवेचा. मीठ धातूला खातं. काही खास पोलादांवर गंजाचाच एक घट्ट थर बसतो आणि तो आतलं पोलाद वाचवतो, पण क्षार सतत येत राहिले तर तो थर नीट धरत नाही आणि खाणं चालूच राहतं. साध्या स्टेनलेस स्टीललाही किनाऱ्यावर डाग पडतात, म्हणून मॉलिब्डेनम हा धातू घातलेलं स्टील वापरतात, ते महाग पडतं आणि टेंडरमध्ये नेमकी तिथेच काटकसर होते. काहींनी मात्र समुद्राला विरोध न करता त्यालाच कामाला लावलं: स्पेनच्या सान सेबास्तियनमध्ये शिल्पकार एदुआर्दो चिलिदाची हुकांसारखी तीन पोलादी शिल्पं १९७७ पासून लाटांच्या तोंडावर खडकात रोवलेली आहेत, आणि शेजारच्या चौकाच्या फरशीला ठेवलेल्या भोकांतून खवळलेला समुद्र हवा आणि पाणी वर फेकतो. इंग्लंडमधल्या क्रॉस्बी किनाऱ्यावर शिल्पकार अँटनी गॉर्मलीचे १०० ओतीव लोखंडी माणसांचे पुतळे २००५ मध्ये उभे केले, भरतीत बुडतात, ओहोटीत बाहेर येतात, अंगावर शिंपल्यांसारखे जीव चिकटलेले. यावर वाद पण झाला, लोक त्यांच्या मागे पाण्यात जाऊन अडकतील, छोट्या बोटी आदळतील, पक्ष्यांना त्रास होईल असे आक्षेप आले आणि शेवटी २००७ मध्ये काही पुतळे हलवायच्या बोलीवर ते कायम ठेवायचं ठरलं.

पैसा कुठून येतो? बऱ्याच शहरांत ठरावीक टक्क्याचा नियम असतो. अमेरिकेतल्या सिएटलने १९७३ मध्ये ठरवलं की पालिकेच्या ठरावीक बांधकामांच्या खर्चातला १ टक्का कलेला द्यायचा, तिथे गटाराच्या काही झाकणांवर शहराचा नकाशा कोरलेला आहे, चुकलेल्या माणसाला खाली बघून रस्ता कळावा म्हणून. नियम चांगलाच, फक्त अशा योजनांत बसवायचा खर्च सगळे धरतात आणि पुढच्या मेंटेनन्सचा धरायला विसरतात. तोडफोडीचा खर्च वेगळाच, डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या बंदरात १९१३ पासून बसलेल्या जलपरीच्या पुतळ्याचं डोकं १९६४ आणि १९९८ असं दोनदा कापून नेलं, मध्ये १९८४ ला हात गेला.

रंगवलेल्या भिंतींची गोष्ट अजून गुंतागुंतीची, कारण भिंतीमागे लोक राहत असतात. चिलीच्या वालपराइसोत विद्यार्थ्यांनी १९६९ पासून टेकडीवरच्या घरांच्या आणि जिन्यांच्या भिंती रंगवायला घेतल्या, १९७३ च्या लष्करी उठावाने ते थांबलं आणि १९९२ मध्ये नामवंत चित्रकारांच्या २० भित्तिचित्रांचं खुलं संग्रहालय म्हणून परत उभं राहिलं. दक्षिण कोरियाच्या बुसानमध्ये गामचॉन ही डोंगरउतारावरची गरीब वस्ती २००९ च्या सरकारी कला प्रकल्पानंतर टूरिस्ट स्पॉट झाली, दुकानं चालायला लागली, वस्तीला नाव मिळालं, पण लोक दारात उभे राहून फोटो काढतात, खिडकीतून डोकावतात, म्हणून ‘इथे माणसं राहतात, हळू बोला’ असे बोर्ड लावायची वेळ आली.