किमतीचं नाव न घेता

१९३८ साली लेनिनग्राडच्या प्लायवूड उद्योगातून विद्यापीठाकडे एक प्रश्न आला. लाकडाचे प्रकार पाच, ओंडके सोलून पातळ पापुद्रे काढणारी यंत्रं आठ, आणि प्रत्येक यंत्राचा वेग लाकडागणिक वेगळा. कुठलं लाकूड कुठल्या यंत्रावर किती वेळ चालवलं तर ठरलेल्या प्रमाणात जास्तीत जास्त माल निघेल? प्रश्न शाळकरी वाटतो. पण सगळ्या शक्यता एकेक करून तपासायच्या म्हटलं तर कोट्यवधी समीकरणसंच सोडवावे लागतात, आणि तेव्हा संगणक नव्हते.

प्रश्न गेला लिओनिद कांतोरोविच यांच्याकडे. वय २६, पण प्राध्यापक होऊन चार वर्षं झालेली. त्यांनी प्रत्येक मर्यादेला एक आकडा जोडला. समजा, एखाद्या यंत्राचा आणखी एक तास मिळाला, तर एकूण उत्पादन कितीने वाढेल? ज्या यंत्रापाशी काम तुंबतं त्याचा आकडा मोठा. जे रिकामं पडून राहतं त्याचा शून्य. हे आकडे थोडेथोडे बदलत नेले की उत्तम वाटणी हाती लागते. १९३९ मध्ये यावरची त्यांची पुस्तिका छापली गेली. पुढे १९४७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग स्वतंत्रपणे याच प्रश्नाशी पोचले, आणि आज हे तंत्र लिनिअर प्रोग्रामिंग म्हणून शिकवलं जातं.

गोची अशी, की हा आकडा म्हणजे किंमतच. बाजार नाही, मालक नाही, घासाघीस नाही; तरी टंचाई आहे म्हटल्यावर गणितातून किंमत बाहेर पडतेच. सोव्हिएत राज्याचं अधिकृत मत मात्र असं, की वस्तूचं मूल्य श्रमातून येतं. कांतोरोविच यांनी किंमत हा शब्द टाळून 'सोडवणुकीचे गुणक' असं निरुपद्रवी नाव दिलं. याला भित्रेपणा म्हणणं सोपं आहे. बाजारातल्या दीर्घ चढउतारांचा अभ्यास करणारे निकोलाय कोंद्रात्येव १९३० पासून अटकेत होते, आणि १९३८च्या सप्टेंबरमध्ये त्यांना गोळी घालण्यात आली.

१९४२ मध्ये कांतोरोविच यांनी हीच पद्धत सगळ्या देशाच्या नियोजनाला लावणारं पुस्तक लिहिलं. ते छापून आलं १९५९ मध्ये, स्टालिनच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. मधल्या काळात, १९४९ मध्ये, त्यांना स्टालिन पुरस्कार मिळाला, पण गणितासाठी! एकाच माणसातल्या गणितज्ञाचा सत्कार करायचा आणि अर्थशास्त्रज्ञाला फडताळात ठेवायचं, हे त्या राज्याला छान जमलं होतं. नंतर वारं फिरलं: १९६५ मध्ये लेनिन पुरस्कार, १९७५ मध्ये त्यालिंग कूपमान्स यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल. त्यांना बाजारवादी ठरवण्याचा मोह होतो, पण त्यांना योजना मोडायची नव्हती, ती नीट चालवायची होती.

ते किती अवघड होतं हे लेनिनग्राडच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात दिसलं. तिथे त्यांच्या पद्धतीने पत्रा कापायला सुरुवात झाली आणि वाया जाणारा तुकडा खूपच घटला. पण पोलाद कारखान्यांना अमुक इतकं भंगार पुरवायचं, हेही त्या कारखान्याच्या योजनेत लिहिलेलं होतं, आणि ते उद्दिष्ट हुकलं.